आत्याची गोळी आणि काकांचे अक्रोड

रविवारी रात्री आत्याचा फोन. "डोकं गरगरतंय गं. मान वळवली की आत वीज चमकल्यासारखं होतं." खोदून विचारल्यावर कळलं, नैराश्यावरची गोळी चार दिवस बंद. कारण काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. तुमच्याकडेही आला असेलच: नैराश्य हा मेंदूचा नव्हे, पोटाचा आजार, ९० टक्के सेरोटोनिन (मूडशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात बनतं, गोळ्यांनी मेंदू आकसतो, ऑस्ट्रेलियात सिद्ध झालंय, गोळ्या फेका, २१ दिवस केळी-अक्रोड-तूप खा.

९० टक्के खरंच आतड्यात बनतं. पण तिथून ते मेंदूत पोचत नाही, वाटेतला रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं ते ठरवणारी गाळणी, त्याला ओलांडता येत नाही. केळ्यातल्या सेरोटोनिनचीही तीच गत. आणि अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला? काजू मूत्रपिंडासारखा दिसतो. डायलिसिसवरच्या माणसाला काजूकतली देणार का, काका?

मेंदू आकसण्याचं म्हणाल, तर नैराश्याच्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग सरासरी एखाद्या टक्क्याने लहान आढळला आहे, आणि तोही मुख्यतः आजार पुन्हा पुन्हा उलटलेल्यांमध्ये. खापर मात्र गोळीवर.

आता ऑस्ट्रेलिया. २०१७ साली तिथल्या संशोधक फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांचा 'स्माइल्स' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्याचे ६७ रुग्ण. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार बसवून दिला. बाकीच्यांशी कुणीतरी नियमित गप्पा मारल्या. १२ आठवड्यांनी आहारवाल्यांपैकी सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, गप्पावाल्यांपैकी ८ टक्के. फरक मोठा आहे, नाकारत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट गाळली: त्या ६७ पैकी ५५ जण आधीपासून गोळ्या, समुपदेशन किंवा दोन्ही घेत होते. आहार त्या उपचारांच्या जोडीला होता. गोळ्या फेकायला तिथे कुणीही सांगितलं नव्हतं! शिवाय अभ्यास छोटा, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक, म्हणजे नुसत्या अपेक्षेनेही बरं वाटू शकतं. २१ दिवस कुठून आले, देव जाणे. तूप तर यादीत नव्हतंच.

बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी मन खचल्यासारखं होतं, हे मान्य. शाकाहारी घरात बी-१२ तपासून घ्यावंच. तपासणी गोळी चालू ठेवूनही होते.

या गोळ्या आयुष्यभर घ्याव्याच लागतात असंही नाही. थांबवायच्या तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, कधी काही आठवड्यांत, कधी महिन्यांत. एकदम तोडल्या की आत्यासारखी गरगर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, झोपेचं खोबरं. आणि तेवढ्यावर काका ग्रुपवर लिहितात, "बघा, शरीरातलं विष बाहेर पडतंय."

सोमवारी सकाळीच डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू झाली. काकांनी आणलेले अर्धा किलो अक्रोड आहेत अजून. आत्या म्हणते, शिऱ्यात घालू.