मी, डिफॉल्ट गेटवे

कालच्या चहाचे साठ रुपये अजून आलेले नाहीत. झाले होते सत्तर, पण माझ्या कटिंगचे दहा मी वजा केलेत.

नेटवर्किंगच्या क्लासला जायचं कारण एवढंच, की घरचं इंटरनेट महिन्यात चौथ्यांदा गेलं आणि फोनवरचा पोरगा चौथ्यांदा म्हणाला, "काका, राउटर बंद करून चालू करा." साठीत माणूस हट्टाला पेटतो. ठाण्यात, नौपाड्यात नाव घातलं.

काल सर (वय पंचवीस, मिशी होऊ घातलेली) म्हणाले, घरातून बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, डिफॉल्ट गेटवेतून जातं. "हे काका दाराशी बसलेत ना? ते आपले गेटवे." मी दाराशी बसतो ते गुडघ्यांमुळे. पण वर्ग हसला, आणि चहाच्या पोऱ्यानं सातही ग्लास माझ्याच हातात ठेवून पैसेही माझ्याकडेच मागितले.

खरा ताप मात्र शेजारच्या बाकावर. कोपरीतल्या कुठल्याशा सोसायटीचे बावीस वर्षांचे माजी सेक्रेटरी. वहीच्या जागी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर.

सरांनी फळ्यावर 255.255.255.0 लिहिलं. हा मास्क; तो सांगतो की मशीनच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा त्या मशीनचा.

"आधी बिल्डिंग, मग फ्लॅट," सेक्रेटरी म्हणाले.

"अगदी बरोबर! 0 ते 255, एकूण 256. त्यातले 254 वापरता येतात."

पेन थांबलं. "दोन कुठे गेले? बिल्डरनं ठेवले?"

"0 हा खुद्द नेटवर्कचा पत्ता, काका. मशीनला देत नाहीत."

"म्हणजे फ्लॅट बंद. मेंटेनन्स कोण भरतं?"

"मेंटेनन्स नसतो."

"असं कसं? बंद फ्लॅटलाही लागतो. भाड्यानं दिला तर नॉन-ऑक्युपन्सी वेगळे. बरं, 255?"

"तो ब्रॉडकास्ट. तिथे सांगितलं की सगळ्यांना कळतं."

सेक्रेटरींनी क्षणभर डोळे मिटले. "बी विंग, तळमजल्याच्या वहिनी." आणि तसं लिहूनही घेतलं.

डीएचसीपी आलं. मशीन सुरू झालं की राउटर त्याला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो, त्याला लीज म्हणतात, एवढं सर बोलले मात्र.

"अकरा महिन्यांचं?"

"बऱ्याचदा चोवीस तासांचं, काका."

"मग पोलीस व्हेरिफिकेशन कधी करणार?"

सर पाणी प्यायला गेले.

आयपीव्ही4 म्हणजे इंटरनेटवर पत्ते देण्याची जुनी पद्धत; तिचा पत्ता 32 बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे 430 कोटी. 1981 साली ते भरपूर वाटले असणार. पुढे तुटवडा पडला, म्हणून आता घरोघरी तेच ते खाजगी पत्ते. घोडबंदरच्या टॉवरात तिसाव्या मजल्यावर मुलीचा राउटर 192.168.1.1, आणि वर्तकनगरच्या आमच्या गळक्या बिल्डिंगीतही 192.168.1.1. आमच्यात समान एवढंच.

तिच्याकडे जायचं म्हणजे कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा. पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. दर राउटरला तो एकनं घटतो, शून्य झाला की पॅकेट सरळ टाकून देतात आणि ते सुटतं. आम्हाला ती सोय नाही. रविवारीसुद्धा दीड तास, खड्डे धरून, आणि दर पावसाळ्यात तेच खड्डे नव्यानं बुजवायचे. कर मात्र वेळेत भरायचा. असो.

शेवटी टीसीपी, म्हणजे पॅकेटं खात्रीनं पोचवण्याची पद्धत, शिकलो. पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवतं. मी रात्री क्लासच्या ग्रुपवर लिहिलं, "चहाचे प्रत्येकी दहा." सहाही निळ्या टिका आल्या, पैसे नाहीत. सकाळी पुन्हा पाठवलं.

सेक्रेटरींचं उत्तर आलं: "व्हाउचर जोडा."