खाज दोन दिवसांत थांबवणारी ट्यूब आणि महिनोन् महिने न जाणारा गजकर्ण

गजकर्ण किंवा नायटा हा किरकोळ आजार आहे, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी साधी ट्यूब आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या यांवर बरा होणारा हा आजार आज सहा-सहा महिने जात नाही, घरातल्या चौघांना होतो आणि बरा झाला म्हणता म्हणता महिन्याभरात परत उगवतो. बुरशी बदलली आहे हे खरं. पण ती इतकी पसरली त्यात आपल्या औषधांच्या सवयींचा मोठा हात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी बुरशीबद्दल. आपल्याकडे गजकर्णाच्या रुग्णांत पूर्वी मुख्यतः ट्रायकोफायटन रुब्रम सापडायची. गेल्या दशकात तिची जागा दुसऱ्याच एका बुरशीने घेतली. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून तिला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. ही माणसाकडून माणसाला होणारी बुरशी आहे. मांजराकडून किंवा गाईकडून येणाऱ्या बुरशी वेगळ्या. त्यामुळे घरात एकाला झालं की प्राण्याला दोष देण्याआधी टॉवेल आणि अंथरुणाकडे बघायला हवं.

टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं सर्वांत भरवशाचं औषध होतं. बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. तो तयार करताना बुरशी स्क्वालीन इपॉक्सिडेज हे विकर वापरते आणि टर्बिनाफिन नेमकं तेच अडवतं. नव्या बुरशीच्या अनेक नमुन्यांत या विकराच्या साखळीतलं एखादंच अमिनो आम्ल बदललेलं असतं, बहुधा ३९७ किंवा ३९३ क्रमांकाच्या जागी. तेवढ्या बदलाने औषध विकराला नीट चिकटत नाही. दिल्लीतल्या २०१८ च्या एका अभ्यासात तपासलेल्या नमुन्यांपैकी ३२ टक्के टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. पुढे देशातल्या अनेक शहरांतून गोळा केलेल्या नमुन्यांत हे प्रमाण निम्म्याच्याही वर गेलं.

ही बुरशी आता भारतीय उपखंडापुरती राहिलेली नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. एक बांगलादेशात राहून आलेली होती आणि तिथे तिच्या घरातल्या इतरांनाही तसेच चट्टे होते. दुसरी २८ वर्षांची, देशाबाहेर कुठेही न गेलेली. म्हणजे तिला ती न्यूयॉर्कमध्येच कुणाकडून तरी लागली होती. दोघींनाही टर्बिनाफिनने गुण आला नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एवढं जरूर करावं: तिथल्या डॉक्टरांना अलीकडचा भारतातला प्रवास आणि घरातल्या इतरांची खाज, दोन्ही सांगावं. त्यांच्या डोळ्यांना हा आजार सवयीचा नसतो, त्यामुळे बऱ्याचदा तो इसब समजला जातो.

आता ट्यूबबद्दल. मेडिकलमध्ये 'खाजेची चांगली ट्यूब द्या' म्हटलं की अनेकदा जे हातात येतं त्यात बुरशीवरचं एक औषध, जंतूंवरची एक-दोन अँटिबायोटिक आणि एक तीव्र स्टिरॉइड असतं. हे स्टिरॉइड बहुतेक वेळा क्लोबेटासोल ०.०५ टक्के असतं, म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल. जांघेसारख्या पातळ, सतत घामेजलेल्या आणि घडी पडणाऱ्या त्वचेवर ते लावायचं नसतंच.

खाज आणि लाली ही शरीर बुरशीशी लढत असल्याची खूण असते. स्टिरॉइड ती लढाई बंद पाडतं. दोन दिवसांत खाज थांबते, चट्टा फिका पडतो, माणूस खूश होतो आणि ट्यूब ठेवून देतो. बुरशी मात्र त्वचेच्या वरच्या थरात निवांत वाढत असते. आठवड्याने खाज दुप्पट होऊन परतते आणि पुन्हा तीच ट्यूब निघते. असं काही महिने चाललं की चट्ट्याची ठळक गोल कडा पुसली जाते, गोलात गोल दिसू लागतात, चट्टे पोट-पाठ-मांड्यांवर पसरतात आणि मांडीच्या आतल्या बाजूला त्वचा फाटल्यासारखे पांढरे-जांभळे पट्टे उमटतात. हे पट्टे पुढे कशानेच पूर्ण जात नाहीत. असा चट्टा पाहून अनुभवी डॉक्टरही चकतात.

स्टिरॉइडमुळेच बुरशीच्या जनुकात बदल झाला, असं मी म्हणत नाही; तसं सिद्ध झालेलं नाही. पण अर्धवट दाबलेला आजार घेऊन माणूस महिनोन् महिने घरात, वसतिगृहात, गर्दीच्या लोकलमध्ये वावरतो, बरं वाटतंय म्हणून उपचार अर्धवट सोडतो आणि तोवर बुरशी इतरांपर्यंत पोचत राहते. प्रतिकारक बुरशीला पसरायला यापेक्षा सोयीची परिस्थिती कोणती?

ट्यूब घेताना बारीक अक्षरातली नावं वाचा. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसलं तर ती गजकर्णासाठी नाही. आधीच वापरत असाल तर बंद केल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा खाज आणि लाली वाढेल. तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. त्या दिवसांसाठी डॉक्टरांकडून खाजेची गोळी घ्या, साधं खोबरेल किंवा पांढरं पॅराफिन लावा, पण जुन्या ट्यूबकडे वळू नका. चेहऱ्यावर बरेच महिने स्टिरॉइड लावलं असेल तर ते एकदम थांबवायचं की हळूहळू, हे त्वचारोगतज्ज्ञालाच ठरवू द्या. लसूण, लिंबू, फिनाईल असले प्रयोग तर नकोच. भाजलेल्या कातडीवर बुरशी तशीच राहते आणि वर जखम होते.

चट्टा बुरशीचा आहे की नाही हे ठरवणारी केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साईड) तपासणी इतकी स्वस्त आणि सोपी आहे की ती होत नाही याचा मला राग येतो. चट्टा स्पिरिटने पुसायचा, म्हणजे लावलेलं मलम आणि वरचे जंतू निघतात. मग १५ नंबरच्या ब्लेडच्या बोथट बाजूने कडेचा कोंडा खरवडायचा. मधला भाग नव्हे, कडाच, कारण वाढती बुरशी तिथे असते. खरवड काचेच्या स्लाइडवर घेऊन १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा एक थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. घाई असेल तर स्लाइड ज्योतीवरून अलगद फिरवता येते, पण द्रव उकळला की स्फटिक बनतात आणि काहीच दिसत नाही. नखाचा तुकडा असेल तर द्रावण अधिक तीव्र आणि वेळही जास्त लागतो.

मायक्रोस्कोपचा प्रकाश कमी करून आधी १० च्या आणि मग ४० च्या भिंगाखाली बघायचं. सारख्या जाडीचे, फांद्या फुटलेले, आडवे पडदे असलेले चमकदार धागे पेशींच्या सीमा ओलांडून जाताना दिसले की निदान झालं. नवशिक्या तंत्रज्ञाची चूक दोन ठिकाणी होते: कापसाचा तंतू बुरशी वाटतो, किंवा पेशींच्या कडा जोडून दिसणारी जाळी बुरशी वाटते. जाळी पेशींच्या सीमेवरूनच फिरते, बुरशीचा धागा सीमा जुमानत नाही. रुग्णाने बुरशीचं मलम आदल्या दिवसापर्यंत लावलं असेल तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. स्टिरॉइड लावलेल्या चट्ट्यात उलट धागे भरपूर सापडतात.

कोणती बुरशी आणि तिला कोणतं औषध लागू पडतं, हे केओएचमधून कळत नाही. त्यासाठी कोंडा काळ्या कागदाच्या पुडीत कोरडाच पाठवायचा आणि साबुरो या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर वाढवायचा. त्यात जंतू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल आणि इतर बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड घातलेलं असतं. दोन ते चार आठवडे लागतात. तरीही इंडोटिनी आणि तिच्या जवळच्या प्रजाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. खात्रीसाठी डीएनएचा आयटीएस नावाचा भाग वाचावा लागतो. ही सोय मोजक्या संस्थांमध्ये आहे.

उपचाराचं मुख्य औषध सध्या इट्राकोनाझोल आहे, साधारणपणे रोज १०० ते २०० मिलिग्रॅम. दिल्लीत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅमची तुलना झाली. बरं व्हायला डोसप्रमाणे सरासरी पाच ते आठ आठवडे लागले, आणि बरे झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आजार परत झाला. डोस वाढवून परत होणं थांबलं नाही. त्यामुळे 'डॉक्टर, जास्त पॉवरची गोळी द्या' या आग्रहात अर्थ नाही.

कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल यांसारखी ॲसिडिटीची गोळी सोबत चालू असेल तर औषधाचा बराचसा भाग शोषलाच जात नाही. 'गोळ्या घेऊनही गुण नाही' याच्या कारणांत हे एक मोठं कारण आहे आणि ते विचारलंच जात नाही. दुसरं कारण कॅप्सूलचा दर्जा. आतल्या बारीक गोळ्यांचा आकार, संख्या आणि त्यांवरचा औषधाचा थर यांत कंपनीगणिक फरक असतो. हृदय कमकुवत असलेल्यांना हे औषध देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी ते धोकादायकरीत्या जुळत नाही, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. महिन्याहून जास्त चाललं तर यकृताची रक्ततपासणी करून घ्या. गर्भवतींना गोळी नको. त्यांच्यासाठी क्लोट्रिमाझोलसारखं लावायचं औषध.

मलम लावताना दोनचा नियम लक्षात ठेवा: चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दहा तळव्यांएवढे चट्टे असतील तर दोन्ही वेळचं मिळून दिवसाला पाच ग्रॅम लागतं. १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्याचा चट्टा जाणार कसा?

कपड्यांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गळून पडलेल्या कोंड्यात बुरशीचे बीजाणू महिनोन् महिने जिवंत राहतात. थंड किंवा कोमट पाण्याच्या धुण्याने ते मरत नाहीत, उलट एकत्र धुतलेल्या दुसऱ्या कपड्यांना लागू शकतात. आतले कपडे, टॉवेल, चादर ६० अंशांच्या पाण्यात वेगळी धुवा, उलटी करून कडक उन्हात वाळवा, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणी आणि इलास्टिकवर गरम इस्त्री फिरवा. कमरेचा करदोटा उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा. तो सतत ओला राहतो, कधी बदलला जात नाही आणि नेमका चट्ट्यावरच घासतो. मनगटातल्या धाग्यांचंही तेच. आणि घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवा. सासूबाईंना संकोच वाटतो म्हणून त्या राहिल्या, तर सुनेचा आजार दोन महिन्यांत परत येतो.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बेकायदा. काउंटरवर या नियमाला कोण विचारतं, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मते चिठ्ठीची अट पुरेशी नाही. बुरशीचं औषध आणि तीव्र स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये भरायला वैद्यकीय कारणच नाही. अशी मिश्रणं बाजारातून पूर्ण काढायला हवीत.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याच्या १९ बुरशींची यादी काढली. कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस, म्युकरवर्गीय बुरशी त्यात आहेत आणि त्या असायलाच हव्यात. गजकर्णाची एकही बुरशी त्यात नाही, कारण तिने माणूस मरत नाही. पण रात्रभर खाजवणारा, कामावर लाजणारा आणि महिन्याचे हजार-दोन हजार औषधावर घालवणारा माणूस संशोधनाच्या हिशोबात यायला नको का?

प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाच्या स्लाइड बघणारा तंत्रज्ञ आणि मायक्रोस्कोप बहुतेक ठिकाणी आधीच आहेत. तिथे केओएचची बाटली, ब्लेड आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण पोचवायचं आहे. आणि सहा आठवडे नीट औषध घेऊनही ज्याचा चट्टा गेला नाही, त्याच्या कोंड्याची पुडी जिल्ह्यातून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जायला हवी. महाराष्ट्रात कोणत्या भागात कोणतं औषध अजून चालतं, हे या पुड्यांमधूनच कळेल.