बॅटरी घालून बघायला तुमचं काय जातं?

जुने कॅमेरे विकणाऱ्या मंडळींनो, मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. कॅमेरा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याआधी त्यात एकदा, फक्त एकदा, बॅटरी घालून बघायला तुमचं काय जातं? बटण दाबायचं, ‘खट्’ झालं की चार फोटो काढायचे आणि जाहिरात टाकायची: ‘फुल वर्किंग, सगळं ओके’. कशावरून ओके, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. ‘आवाज येतोय ना मॅडम!’

आवाज येणारच! यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये बॅटरी नसली तरी आवाज येतो. १९६६ साली आलेला हा जपानी कॅमेरा. पुढे त्याची जीएसएन, जीटीएन अशी मॉडेल्स निघाली आणि आजही जुन्या कॅमेऱ्यांच्या नादाला लागलेल्या निम्म्या पोरांना पहिला कॅमेरा म्हणून तोच हवा असतो. ४५ मिलिमीटर, एफ १.७ ची सुंदर लेन्स आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती मोठं ठेवायचं ते, आपण ठरवायचं आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आतलं सर्किट उजेड मोजून ठरवतं. त्या काळात एवढं इलेक्ट्रॉनिक्स कॅमेऱ्यात बसवणं ही मोठी गोष्ट होती, आणि मला त्या इंजिनिअरांबद्दल मनापासून आदर आहे. पण सर्किटला वीज मिळाली नाही तर शटर आपलं सगळ्यात वेगवान म्हणजे १/५०० सेकंदावर उघडून बंद होतं. उन्हात असा, देवघरात असा, अंधाऱ्या जिन्यात असा, कायम १/५००. बाहेरून ऐकणाऱ्याला फक्त ‘खट्’ ऐकू येतं. हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने विकू नये, आणि ठाऊक असूनही तो ‘ओके’ लिहीत असेल तर तो सरळसरळ खोटं बोलतोय.

माझ्या भाच्याने असाच एक घेतला. ऑनलाइन, ‘टेस्टेड’ असं लिहिलेला, स्वतःच्या पहिल्या पगारातून. घरात आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सगळे मोबाइलवर फोटो काढणार हे माहीत होतं, तरी त्याला ते फिल्मवर हवे होते. आजीच्या लग्नातले फोटो फिल्मवर आहेत म्हणून हेही फिल्मवर हवेत, इतका साधा हट्ट होता त्याचा. त्याने ४०० आयएसओचा रोल घातला आणि हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात अख्खा रोल मोठ्या प्रेमाने संपवला. धुऊन आला तेव्हा निगेटिव्ह जवळजवळ पारदर्शक. त्या उजेडात १/३० च्या आसपासचं शटर लागलं असतं आणि मिळालं १/५००. म्हणजे सोळाव्या हिश्शाचा उजेड. फिल्मवर काय उमटणार, कपाळ?

आता खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. त्याने विकणाऱ्याला कळवलं, तर तो म्हणाला, ‘कॅमेरा एकदम ओके होता. फिल्म कॅमेरा आहे, शिकायला लागतं. तुमचं एक्स्पोजर चुकलं असेल.’ आणि पोराला ते पटलं! तो मला म्हणाला, ‘मावशी, मलाच जमत नाही बहुतेक.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे गेले, रोल गेला, धुण्या-स्कॅनिंगचा भुर्दंड बसला, तो दिवस परत यायचा नाही, आणि वर त्या मुलाला असं वाटतंय की दोष त्याचाच आहे. किती नवी मुलं अशी पहिल्या रोलनंतर कॅमेरा कपाटात ठेवून देत असतील! त्यांना कोणी सांगत नाही की बाळांनो, तुम्ही व्यवस्थित केलं होतं, तुम्हाला मेलेला कॅमेरा विकला गेला.

मी तो कॅमेरा उघडला. बॅटरीच्या खणातून वर जाणारी वायर हिरव्या गंजाने खाल्लेली. आत एक छोटा रबरी पॅड असतो, तो वयानुसार विरघळून चिकट होतो. इलेक्ट्रो ३५ वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना हा पॅड माहीत आहे, कारण तो गेला की शटरचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बिघडतं. फिल्म पुढे ओढण्याचा खटका फिरवताना आतून एक ‘टक्’ असा आवाज यायला हवा, तो आला नाही तर पॅड गेला असं समजायचं. यात तपासण्यासारखं अवघड काय आहे? मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, कबूल. पण चार एलआर४४ बटण सेल, भोवती कागदाची गुंडाळी आणि एक स्प्रिंग एवढ्यावर हा कॅमेरा चालतो. शंभर रुपयांच्या आतलं काम. मागचं बॅटरी तपासायचं बटण दाबा, हिरवा दिवा लागतो का बघा. अ‍ॅपर्चर लहान करून हाताने उजेड झाका, पिवळा बाण दिसतो का आणि शटर रेंगाळतं का बघा. दोन मिनिटं लागतात. हजारो रुपये घेताना ही दोन मिनिटं द्यायला तुमच्या जिवावर येतं?

बॅटरीचाच विषय निघालाय तर कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्रीसारख्या कॅमेऱ्यांचंही सांगते. यांना १.३५ व्होल्टची ६२५ नंबरची पाऱ्याची बॅटरी लागायची. पारा विषारी, त्यामुळे त्या बॅटऱ्या बंद झाल्या आणि ते योग्यच झालं. पण विकणारे त्यात त्याच मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन घालतात आणि ‘बॅटरीसकट’ म्हणून दोनशे रुपये जास्त लावतात. आतला उजेड मोजणारा मीटर मग जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळपट येतात. शिवाय पाऱ्याची बॅटरी संपेपर्यंत एकसारखा विजेचा दाब द्यायची, अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरत जातो, म्हणजे चूकसुद्धा रोज वेगळी. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट आहे, त्याला हा फरक बाधत नाही. पण सगळेच कॅमेरे स्पॉटमॅटिक नसतात ना! मी हे एकाला समजावून सांगितलं तर म्हणाला, ‘बसते ना आत? मग झालं.’

आत बसते म्हणून झालं! हीच वृत्ती इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर भेटते, आणि तिथे तर माझं डोकं जास्तच फिरतं, कारण या फसवणुकीवर आम्ही घरी जे उपाय बनवतो त्यांचेच पार्ट तिथून आणायचे असतात.

पाऱ्याच्या त्या बॅटरीवरचा उपाय सोपा आहे. १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल घ्यायचा आणि मध्ये एक शॉट्की डायोड, म्हणजे थोडेच व्होल्ट खाणारा छोटासा पार्ट, लावायचा. मीटरला लागणारा करंट अगदी थोडा असतो, तेवढ्या करंटला योग्य शॉट्की साधारण ०.२ व्होल्ट खातो, झाले १.३५. मी नंबर लिहिलेली चिठ्ठी काउंटरवर दिली. घरी येऊन भिंगातून बघते तर हातात १एन४१४८. हा साधा सिलिकॉन डायोड, एवढ्याशा करंटलासुद्धा अर्धा व्होल्ट खाऊन बसतो. परत गेले तर उत्तर काय? ‘डायोड म्हणजे डायोड मॅडम, चालून जातो.’ नाही चालत! नंबर त्यासाठीच असतो. नसेल तर ‘नाही’ म्हणा, मी दुसऱ्या दुकानात जाईन. तुमच्या ‘नाही’ने माझा वेळ वाचेल.

आणि मग ते नेहमीचं. ‘मुलाच्या प्रोजेक्टला हवंय का?’ ‘मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’ सर्किट माझं आहे, डाग मी देते, मल्टिमीटर माझ्या पर्समध्ये असतो. मिस्टरांना यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

शटर टेस्टर बनवताना तर कहर झाला. काम काय, तर कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून एका बाजूने टॉर्च मारायचा, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड, म्हणजे उजेड ओळखणारा पार्ट, ठेवायचा. शटर जितका वेळ उघडं असेल तितकाच वेळ डायोडवर उजेड पडतो आणि आर्दुइनो नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड तो वेळ मायक्रोसेकंदांत मोजतो. १/५०० म्हणजे २ मिलिसेकंद, १/३० म्हणजे ३३. ज्या कॅमेऱ्यातलं ग्रीस चाळीस-पन्नास वर्षांत सुकलंय त्याचं १/१५ प्रत्यक्षात १/४ निघतं, हे असं डोळ्यांसमोर आकड्यांत दिसतं. मला या उपकरणाचा फार अभिमान आहे. पण त्यासाठी मागितला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड आणि पुडीत बांधून दिला एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा संथ पार्ट. ‘दोन्ही उजेडावरच चालतं.’ अहो, एलडीआरला उजेड आलाय हे कळायलाच वीस-तीस मिलिसेकंद जातात. दोन मिलिसेकंदांचं शटर तो काय मोजणार? विक्रीला ठेवलेल्या वस्तूबद्दल एवढंही माहीत नसावं?

निदान एलडीआर डोळ्यांना दिसतो तरी. छापील खोट्याचं काय करायचं? २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर १५ अँपिअर आणि ११५ वॉटचा, घरी पॉवर सप्लाय बनवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा. बाजारात फिरणाऱ्या नकली मालाचं टोपण कापून बघा, आत बारीकशी चिप, जी तेवढं ओझं पेलूच शकत नाही. जुन्या भंगार बोर्डांवरून काढलेले आयसी, म्हणजे चिपा, घासून, वर नवा नंबर छापून विकले जातात. १८६५० मापाच्या लिथियम सेलवर बेधडक ‘९९०० एमएएच’ अशी क्षमता छापतात, जेव्हा त्या मापाचा नावाजलेल्या कंपनीचा उत्तम सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास असतो. आकडा वाचून कोणी विश्वास ठेवतं, सर्किट तापतं, जळतं, आणि पुन्हा तोच विचार मनात येतो: माझंच जोडताना काहीतरी चुकलं असणार. भाच्याच्या रोलचं जे झालं तेच.

जुन्या फ्लॅशबद्दल मात्र मी फक्त चिडत नाही, मला भीती वाटते. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीनशेहून जास्त व्होल्ट भरतात. वर्षानुवर्षं न वापरलेला कपॅसिटर एकदम पूर्ण दाबावर टाकला तर तापतो, फुटूही शकतो, त्याला हळूहळू चढवावं लागतं. शिवाय जुन्या काही फ्लॅशच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पायातच दोनशेच्या वर व्होल्ट असतात, हौसेने डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेऱ्याचं सर्किट जायचं. विकताना यातला एक शब्द कोणी सांगत नाही. ‘फ्लॅश उडतो’ एवढंच. लहान मुलं असतात घरात!

लेन्सचं तर काय बोलावं. ‘आत थोडी धूळ आहे.’ ती धूळ नसते, ती बुरशी असते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कातडी केसमध्ये बंद करून ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला आमंत्रण. मागून टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू स्पष्ट दिसतात. ती वेळेवर काढली नाही तर काचेवरचं कोटिंग खाते, मग कितीही पुसा, व्रण राहतोच. टॉर्च प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, तरी जाहिरातीतले सगळे फोटो समोरून, छान उजेडात, लेन्सवर टिचभर चमक येईल असे.

आणि ते ‘अँटिक, रेअर’! आगफा क्लिक थ्री रेअर? आपल्याकडे भारतातच बनायचा तो. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. कित्येक मराठी घरांतल्या मुंजी, बारशी आणि महाबळेश्वरच्या सहली त्याच्यावर टिपल्या गेल्यात, माळ्यावर शोधलात तर तुमच्याकडेही सापडेल. साधा, प्रामाणिक, आजही फोटो काढणारा कॅमेरा. त्याच्या पोटात भोक पाडून बल्ब बसवतात आणि टेबललॅम्प म्हणून विकतात. चालता कॅमेरा कापायला हात कसा धजतो यांचा?

सगळेच असे नाहीत, हे सांगायलाच हवं, नाहीतर चांगल्या माणसांवर अन्याय होईल. पुण्याच्या जुन्या बाजारात जमिनीवर फडकं पसरून बसलेल्या एका काकांना मी विचारलं, ‘चालतो का?’ ते म्हणाले, ‘ताई, मला यातलं कळत नाही. भंगारात आला. बघा, खोला, पटलं तर घ्या.’ भाव डब्याचा सांगितला, चालत्या कॅमेऱ्याचा नाही. मी आनंदाने घेतला, बिघडलेला निघाला आणि माझी तसूभरही तक्रार नाही. एक वयस्कर रिपेअरवाले आहेत, ते प्रत्येक कॅमेऱ्यासोबत चिठ्ठी देतात: कुठला स्पीड अडकतो, मीटर किती चुकतो, काय बदललं. त्यांची नजर आता अधू झालीय, दुकानही लहान आहे, तरी ते चिठ्ठी लिहितात. चकचकीत फोटो टाकून तिप्पट भाव घेणाऱ्यांना ते जमत नाही?

तेव्हा यापुढे माझ्याकडून, माझ्या भाच्याकडून आणि आमच्या ओळखीतल्या एकूण एक पोरांकडून तुम्हाला एवढंच विचारलं जाईल. बॅटरी घालून दिवा लागलेला व्हिडिओ पाठवा. मागचं दार उघडून संथ आणि वेगवान शटर दोन्ही दाखवा. लेन्समधून टॉर्च मारून दाखवा. फ्लॅश असेल तर किती वर्षांनी सुरू केला ते सांगा. हे करायचं नसेल तर जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘तपासलेला नाही’ असं लिहा आणि भाव डब्याचा लावा.