डिस्नेत भडंग आणि ग्रुपवर भांडण

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एकच वाक्य फिरतंय, "आपलं जेवण मुळातच व्हेगन आहे, ह्या गोऱ्यांना आत्ता कळतंय." निमित्त काय, तर मी टाकलेला फोटो. आम्ही मूळचे सांगलीचे, राहतो अटलांटात, आणि आमची लेक व्हेगन, म्हणजे मांस-अंडं तर नाहीच, दूध-तूप पण नाही. स्प्रिंग ब्रेकला ऑरलँडोला गेलो होतो, डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये लेकीनं तळलेल्या टोफूचा (सोयाबीनचं पनीर म्हणा) बोल घेतला आणि मी कौतुकानं तो ग्रुपवर टाकला. झालं. एकानं लगेच डॉलरचे रुपये करून दाखवले, तेरा-चौदाशेत सांगलीत अख्खं घर जेवतं म्हणे. (जेवतं की, पण तेवढ्यात डिस्नेत गाडी पण पार्क होत नाही.) दुसरा म्हणाला, चितळ्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाची पोरगी दूध नको म्हणते, भिलवडीत १९३९ पासून डेअरी आहे, जरा तरी लाज वाटू दे. तिसरा डायरेक्ट शेतकऱ्याच्या पोटावर पाय वगैरे.

त्या तिसऱ्याला आधी उत्तर देतो. २०१८ च्या जुलैत राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं दूध आंदोलन केलं, आपल्या भागात टँकर अडवले, दूध रस्त्यावर ओतलं, आठवतंय का? मागणी काय होती, लिटरला पाच रुपये अनुदान. तेव्हा तर आमची पोरगी चीज पिझ्झा आणि मिल्कशेकवर जगत होती. दूधवाल्याला भाव मिळत नाही ह्याची कारणं अटलांटात राहणाऱ्या एका टीनएजर मुलीच्या ताटात शोधायची म्हणजे कमाल आहे. आणि हे लिहिणारा स्वतः हिंजवडीत, म्हशीची धार त्यानं शेवटची कधी काढली देव जाणे.

आता मूळ मुद्दा, आपलं जेवण व्हेगन. मान्य. भाकरी, पिठलं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, आणि आपलं भडंग, सगळं व्हेगन. भडंग तर मी स्वतः घेऊन गेलो होतो, झिपलॉकच्या पिशव्या भरून. डिस्नेत बाहेरचं खाणं चालतं, काचेची बरणी तेवढी नको, गरम करून मागायचं नाही. सिक्युरिटीवाल्यानं बॅग उघडली, पिशवी हलवून बघितली आणि सोडलं. पुढं लाईटनिंग लेनचे, म्हणजे जादा पैसे भरून लांब लाईन टाळायच्या सोयीचे, पैसे वाचवले म्हणून दीड तास लायनीत उभं होतो, तेव्हा त्या लाल कुरमुऱ्यांनी आणि तळलेल्या लसणाच्या पाकळ्यांनी जो जीव वाचवलाय. मागची एक मिशिगनची फॅमिली वास घेऊन वळून वळून बघायला लागली, शेवटी त्यांच्या पोराच्या हातावर मूठभर ठेवलं, त्यानं शेंगदाणे वेचून खाल्ले आणि कढीपत्ता परत दिला.

पण मी काय म्हणतोय, भडंग नसतं तरी पोरगी उपाशी राहिली नसती. २०१९ पासून डिस्ने वर्ल्डच्या मेनूवर पदार्थापुढं एक हिरवं पान असतं. पान असलं की मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मध पण नाही. अ‍ॅपवर बघायचं, मोबाईल ऑर्डर करायची, उचलायचं. बोल घेताना क्रीमवाला सॉस तेवढा टाळायचा. अननसाचं डोल व्हिप, म्हणजे तिथलं मऊ आइस्क्रीम, चालतं, व्हॅनिलाशी मिक्स केलेलं चालत नाही. स्टार वॉर्सवाल्या भागातलं निळं दूध नारळ आणि तांदळाचं असतं. काउंटरवरच्या पोरानं 'का गं, दूध का नको' असं एकदा पण विचारलं नाही.

आणि सांगलीत? मागच्या उन्हाळ्यात घरी आलो तर पहिल्याच दिवशी विश्रामबागला दादाकडं पुरणपोळी. आता पुरणपोळीत तसं आडवं येणारं काही नसतं, कणीक, डाळ, गूळ, तेल, सोबत कटाची आमटी. पोरगी खूश. पण वहिनी वाटी-चमचा घेऊन उभी, तुपाशिवाय पोळी कशी वाढू म्हणते, पाहुणीच्या पानात कोरडी पोळी बरी दिसते का. लेक आपल्या मोडक्या मराठीत "काकू, मला तूप नको" म्हणतेय, आणि आईनं तेवढ्यात पलीकडून अर्धा चमचा सोडलाच. "तुपानं काय होतंय गं, ते काय मटण हाय का?" पोरगीनं पोळीची ती कड मोडून बाजूला ठेवली आणि पुढं दोन दिवस घरात कुणी धड बोलत नव्हतं.

मग श्रीखंड झालं, बासुंदी झाली, सत्यनारायणाचा साजूक तुपातला शिरा झाला (प्रसादाला नाही म्हणून बघा एकदा), हॉटेलात नेलं तिथं पनीर. पंधरवड्यात पिठलं काही केलं नाही कुणी. मी विचारलं तर दादाच रागावला, एवढ्या लांबनं आलेल्या माणसाला पिठलं-भाकरी घालू होय?

इथं खरी गोम आहे आणि ग्रुपवरच्या विद्वानांना ती दिसत नाही. आपलं रोजचं जेवण व्हेगन आहे, पाहुण्याचं नाही. आपल्याकडं मान दुधातुपातनं दाखवतात. त्यामुळं व्हेगन पोरगी तूप नको म्हणाली की घरच्यांना ऐकू येतं की तुमचा मान नको. एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये व्हेगन फूडचे नियम केले, हिरव्या व्हीचा लोगो पण काढला, पण तो पाकिटावर छापायचा आहे, आईच्या वाटीवर कुठं चिकटवणार?

लगेच मला अमेरिकेचा वकील करू नका. ह्याच देशात मॅकडोनाल्ड्सच्या फ्राईजमध्ये बीफचा फ्लेवर निघाला होता, केस झाली, २००२ मध्ये एक कोटी डॉलर देऊन मिटवली, आणि इथल्या फ्राईजमध्ये तो फ्लेवर आजपण आहे. ऑरलँडोला जाताना आय-७५ हायवेवरच्या एक्झिटला व्हेगन म्हणजे केळं आणि ब्लॅक कॉफी. डिस्नेचं हिरवं पान पण काय प्रेमानं आलेलं नाही. चौघांतल्या एकाला खायला मिळालं नाही तर चौघं बाहेर जाऊन जेवतील, एवढा साधा हिशोब आहे तो. तिथं कुणाचा मान अडकलेला नसतो म्हणून सोपं जातं. तुम्ही खाल्लं काय, न खाल्लं काय, उपाशी राहिलात तर कुणी 'एवढंसं तरी खा की' म्हणणार नाही.

आणि मला ते आवडायला लागलंय, हे ग्रुपवर लिहिलं नाही, इथं लिहितो. कुणी आग्रह करत नाही, कुणी रुसत नाही, बरं वाटतं. सांगलीला गेलो की आठव्या-नवव्या दिवशी त्या आग्रहाचा त्रास व्हायला लागतो. आणि मग माझं मलाच टोचतं. कारण लहानपणी ह्याच घरात आम्हाला कोण आग्रह करत होतं? पिठलं ताटात पडायचं, खायचं नसेल तर ऊठ म्हणायचे. श्रीखंड पाहुणे आले की व्हायचं. आता मी पाय ठेवला की श्रीखंड होतं. ग्रुपवरची पोरं मला "तुम्ही अमेरिकावाले" म्हणतात त्याचा मी राग करतो, भांडतो, पण घरच्यांनी ते कधीच ठरवून टाकलंय, फक्त तोंडानं म्हणत नाहीत, वाटीनं सांगतात. पोरीचं व्हेगन असणं निमित्त आहे हो. ती नसती तर मी मुकाट्यानं बासुंदी प्यायलो असतो आणि माझ्या लक्षात पण आलं नसतं.

डिसेंबरात परत येतोय. परवा वहिनीला फोन करून सांगितलं, ह्या वेळी श्रीखंड-बिरीखंड काही नको, लेकीला नको आणि मला पण नको, आल्या आल्या पिठलं-भाकरी कर आणि खर्डा वाट. थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "का ओ भावजी, मागच्या टायमाला काय चुकलं का आमचं?"