‘उगं पोरांच्या गळ्यात भंगार मारू नका’: जुन्या इम्पल्सवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

जुनी हिरो इम्पल्स (खडबडीत रस्त्यांसाठीची उंच मोटरसायकल) घ्यावी का, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पार्ट मिळत नाहीत; एथेनॉलच्या पेट्रोलनं कार्बोरेटरची वाट लागते; एअर फिल्टरचा सल्ला चुकीचा आहे; आणि दर पावसाळ्यानंतर चिमटा (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा, स्विंगआर्म) उघडायला सांगणं म्हणजे गाडी नव्हे, देव्हारा सांभाळणं.

फिल्टरचं आधी उरकतो, कारण तिथं चूक माझी आहे. ‘हवा मारून परत बसवा’ असं मी सरसकट लिहिलं होतं. फिल्टर चिकट तेल लावलेला कागदी प्रकारचा असेल तर हवा मारायचीच नाही. धूळ त्या तेलाला धरून बसते. प्रेशरनं ती कागदात आणखी आत जाते आणि कागद फाटतो तो वेगळाच. असा फिल्टर बदलायचाच असतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि फिल्टर ऑईल लावून बसवा. मूळ लेखात दुरुस्ती करतो.

पार्टचं म्हणाल तर कुठला पार्ट, यावर सगळं आहे. गाडी २०११ ची, इंजिन १४९.२ सीसीचं, हिरोच्याच हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीम या गाड्यांच्या घराण्यातलं. त्यामुळं इंजिनच्या आतल्या सामानाला फारसं अडत नाही. तरी जुना पार्ट खिशात घेऊन जा आणि पार्ट नंबर जुळवूनच घ्या. ‘सेमच बसतंय’ या शब्दावर जाऊ नका. पुढचा टायर ९०/९०-१९, म्हणजे बुलेटसारखाच १९ इंची रिमचा. अडतं ते टाकीच्या बाजूच्या प्लास्टिकला, हेडलाइटच्या मुखवट्याला, पुढच्या लांब फोर्कच्या नळ्यांना आणि मागच्या शॉकअपला. म्हणून भाव करताना इंजिनचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा फोर्कच्या नळीवर बोट फिरवा. सील जिथं घासतं त्या पट्ट्यात क्रोमवर गंजाचे खड्डे लागले, तर सील कितीही नवं टाका, महिन्याभरात परत तेल येणार. नळीवर खड्डे नसतील आणि तरी तेल ओघळत असेल, तर आधी जुन्या फोटोफिल्मची किंवा पातळ प्लास्टिकची पट्टी सीलच्या ओठात घालून गोल फिरवा. बऱ्याचदा फक्त माती अडकलेली असते.

आता चिमटा. इथं मात्र मी मागं हटणार नाही. देव्हाऱ्याला रोज पाणी घालतात; इथं पाणीच नडतं.

या जातीच्या गाड्या इंजिननं मरत नाहीत, सांध्यांनी मरतात. गगनबावडा, राधानगरीकडचा पाऊस, जांभ्याची तांबडी माती आणि घरी आल्यावर वॉशिंग सेंटरचा प्रेशर, हे तिन्ही मिळून चिमट्याच्या बुशात (तो ज्यावर फिरतो ती नळी), चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि कोन सेटमध्ये (हँडल फिरतं ते बेअरिंग) पाणी घालतात. ग्रीस धुऊन जातं, पिव्होट बोल्ट (चिमटा फ्रेमला जोडणारा लांब बोल्ट) बुशातल्या स्लीव्हला गंजून धरतो. मग चिमटा बुशवर फिरायचं सोडून बोल्टसकट फिरायला लागतो आणि फ्रेममधलं भोक मोठं होतं. बुश बदलता येतो. फ्रेमचं भोक वाढलं की वेल्डिंग, बोअरिंग आणि डोक्याला ताप.

तपासायला दहा मिनिटं लागतात. इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन मागचं चाक अधांतरी करा. चाक मागच्या टोकाला धरून डावी-उजवीकडं हलवा. खटका आला तर एक जण चिमट्याच्या पुढच्या टोकाला, बुशपाशी बोट ठेवून बघू दे: खेळ तिथं आहे की चाकाच्या बेअरिंगमध्ये, बोटाला लगेच कळतं.

मग ठोकळा पुढं सरकवून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्या. बरोबर मध्ये, चाक सरळ असताना हँडल हलकंसं ‘बसलं’, तर कोन सेटच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेत. चाक बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळं सगळे दणके त्याच जागी बसतात. अशा वेळी नट आवळणं हा गॅरेजमधला ठरलेला उपाय, आणि तो चुकीचा. ढिलेपणा असेल तर आवळून जातो. खड्डा असेल तर सेट बदलावाच लागतो, वरची-खालची वाटी धरून पूर्ण.

दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपल्यावर, पिव्होट बोल्ट एकदा बाहेर काढायचा. धरला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट बोल्टच्या टोकाशी बरोबरीला आणा, म्हणजे आटे वाचतील, आणि मध्ये पितळेचा तुकडा धरूनच ठोका. बोल्ट आणि स्लीव्ह रॉकेलनं पुसून कोरडे करा, पाण्याला टिकणारं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस भरा (नसेल तर साधं एपी-३ चालेल) आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनं आवळा. वर्षाकाठी एक दुपार. एवढंच.

बुश गेला असेल तर कोल्हापूरकरांना रडायचं कारण नाही, लेथ-वर्कशॉपचं उद्यमनगर आहे. गनमेटलचा बुश तिथं वळून मिळतो. फक्त टर्नरकडं जुना झिजलेला बुश नमुना म्हणून देऊ नका. चिमट्याचं भोक साफ करून त्याचं माप आणि स्लीव्हचं बाहेरचं माप द्या. बाहेरून दाबून बसणारा, आतून हातानं फिरणारा, असं स्पष्ट सांगा. पण चाकाचा अ‍ॅक्सल, पिव्होट बोल्ट आणि ब्रेकचा कुठलाही पार्ट लेथवर करून घेऊ नका. माइल्ड स्टीलच्या बारमधून वळलेला अ‍ॅक्सल दिसायला चकाचक असतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वाकतो. मूळ पार्टला हार्डनिंग-टेंपरिंग झालेलं असतं.

चेनचंही याच ओघात. सस्पेन्शन लांब हलतं, म्हणून चेन कम्युटर गाडीपेक्षा थोडी सैल हवी. शॉकअप दबताना पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर ‘टाइट मस्त’ केलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खेचते आणि आधी तिथलं ऑईल सील जातं. चाक फिरवत चेन जिथं सगळ्यात ताठ लागते, तिथंच माप घ्या.

एथेनॉलबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. (आपल्याच उसाचं एथेनॉल आपल्याच कार्बोरेटरला नडतंय, तक्रार तरी कुणाकडं करायची?) ते ओलावा ओढतं, जुने रबर फुगवतं किंवा कडक करतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्यानं जुन्या जेटिंगवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकांच्या मापावर) मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. गाडी सकाळी चोकवर जास्त वेळ मागते, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट करते. पेट्रोलचा पाइप, कॉकचं सील आणि फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) ओ-रिंग नवा टाका. कार्बोरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर पाव फेरा बाहेर, फिल्टरच्या बाजूला असेल तर पाव फेरा आत. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊलच्या खालच्या स्क्रूनं पेट्रोल काढून टाका. स्लो जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजतो तो त्या साठलेल्या चमचाभर पेट्रोलानं. जेट साफ करायला वायरमधली तांब्याची एक तार घ्या. सुई घातली की पितळेचं भोक वाढलं, आणि मग गाडी कधीच जागेवर येत नाही.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा कोल्हापुरात सगळ्यात महत्त्वाचा: २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या. सीट काढा, हेडलाइटमागचे वायरिंगचे कनेक्टर सोडवा. घाटातली तांबडी धूळ दिसली तर ती गाडी फिरल्याची खूण, हरकत नाही. कनेक्टरच्या आत, स्पीडोमीटरच्या काचेमागं किंवा एअरबॉक्सच्या सांध्यात पिठासारखा काळपट गाळ आणि पिनांवर हिरवट गंज दिसला, तर गाडी पंचगंगेत उभी होती असं धरा. अशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग वर्षानुवर्षं एकेक करून सोडत राहतं.

आणि कागदं: २०११ च्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपते. नूतनीकरण फॉर्म २५ वर, गाडी आरटीओत दाखवून, पुढच्या ५ वर्षांसाठी होतं. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपलेली गाडी ‘नंतर करून देतो’ म्हणून कुणी देत असेल, तर आधी नूतनीकरण, मग पैसे.