स्वादुपिंडाची तपासणी : कोणाची आणि कधी?

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी थोरल्या काकांना ५८ व्या वर्षी मधुमेह निघाला. घराण्यात तो कोणालाच नव्हता, काका स्थूलही नव्हते; उलट आठ महिन्यांत त्यांचे नऊ किलो वजन उतरले आणि भेटणारा प्रत्येक जण पथ्य मानवले म्हणून कौतुक करीत राहिला. डोळे पिवळे झाले तेव्हा सीटी स्कॅन झाला आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचल्याचे कळले.

जठरामागे दडलेल्या या ग्रंथीतील गाठ हाताला लागत नाही आणि दुखणे पाठीचे किंवा पित्ताचे समजून अंगावर काढले जाते. त्यामुळे निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करता येईल असे रुग्ण जेमतेम १५ ते २० टक्के असतात. मनोहर पर्रीकर २०१९ मध्ये याच आजाराने गेले, तेव्हा घरोघरी हळहळ झाली. चाचणीविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

सरसकट सर्वांची तपासणी करा, असे मी म्हणत नाही. आजार तुलनेने विरळ असल्याने त्यातून निरोगी माणसांच्या मागे नाहक बायोप्सी लागतील. या कर्करोगासाठी केली जाणारी सीए १९-९ ही रक्तचाचणी साध्या पित्तखड्यांच्या काविळीतही वाढलेली दिसते, म्हणून तपासणीच्या पॅकेजमधील तिच्या आकड्यावर कोणी विसंबून राहू नये.

परंतु ज्यांच्या जवळच्या दोन रक्ताच्या नातेवाइकांना हा कर्करोग झाला आहे, त्यांनी पन्नाशीपासून, किंवा घरातील सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून, दरवर्षी एमआरआय किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करावे, असे तज्ज्ञ सांगतात. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांत तीन वर्षांत हा कर्करोग आढळतो. सोबत वजन घटत असेल तर शंका अधिक बळावते. सरकारी योजनेत तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबरोबर रक्तातील साखरही तपासली जाते. त्याच नोंदीत वर्षभरातील वजन आणि कुटुंबातील कर्करोग हे दोन रकाने असावेत, आणि संशय येणाऱ्यांसाठी इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस राखून ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्या आत्या सत्तरीत काविळीने गेल्या, असे आम्ही आजवर सांगत आलो. आता त्यांचे जुने कागद शोधतो आहोत, कारण त्यांतही हेच निघाले तर ४७ वर्षांच्या माझ्या चुलतभावाची तपासणी पुढच्या वर्षीच सुरू करावी लागेल.