गाईचा डोस आणि घोडीची पिशवी

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चिडून लिहिलंय, पण त्या चिडण्यामागे दोन वर्षं रिकामी राहिलेली घोडी आहे हेही कळतंय. म्हणून चार ओळींत उरकत नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या भाऊंनी सारंगखेड्याच्या बाजारातून १२ वर्षांची मारवाडी घोडी घेतली. आधीची ४ शिंगरं झालेली. दोन वर्षांत पाच वेळा घोडा दाखवला, पण गाभण राहिली नाही. गावातल्या गाई-म्हशी बघणाऱ्या गृहस्थांनी तिला माजाचं इंजेक्शन दिलं, आयोडीनने पिशवी (गर्भाशय) धुतली आणि घोडा दाखवल्यावर गर्भ टिकायचं इंजेक्शनही दिलं. यांचा राग असा, की मी मागच्या लेखात एकीकडे ऑक्सिटोसिन (पिशवी आकुंचन करणारं औषध) नको म्हणतो आणि दुसरीकडे तेच सुचवतो. गाईची औषधं घोडीला चालत नाहीत हा डॉक्टरांनी उगाच घातलेला बाऊ आहे, असंही यांचं म्हणणं. आणि इंजेक्शननंतर घोडीला दरदरून घाम फुटला, म्हणजे औषध लागू पडलंच होतं, असं ते म्हणतात.

ऑक्सिटोसिनच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. "घोडीला ऑक्सिटोसिन देऊ नका" हे वाक्य मी असं मोघम लिहायला नको होतं. माझ्या डोळ्यांपुढे दिवस भरत आलेल्या घोड्या होत्या. ११ महिने झाले, कास भरली, मग द्या एक इंजेक्शन आणि मोकळी करा, असं लोक म्हणतात. पण घोडीचे दिवस ३२० ते ३६० असे कितीही मागेपुढे होतात, आणि शिंगराची शेवटची तयारी अगदी शेवटच्या काही दिवसांत होते. त्याआधी ओढून बाहेर काढलेलं शिंगरू दिसायला पूर्ण असतं, पण उभं राहत नाही, चोखत नाही. मी अशी शिंगरं मांडीवर घेऊन बसलोय. ते वाक्य तिथून आलं होतं.

घोडा दाखवल्यानंतरचं ऑक्सिटोसिन ही वेगळी गोष्ट आहे. वीर्य आत गेलं की प्रत्येक घोडीच्या पिशवीला थोडी सूज येते, पाणी सुटतं. निरोगी घोडी ते दीड-दोन दिवसांत स्वतःच बाहेर टाकते. गर्भ नळीतून पिशवीत उतरतो सहाव्या दिवसाच्या आसपास, तोवर घर स्वच्छ झालेलं असतं. चार वेतं झालेल्या, वयस्क घोडीची पिशवी मात्र पोटात खाली लोंबते आणि पाणी तिथेच साचून राहतं. सोनोग्राफीत माजावरची चांगली पिशवी संत्र्याच्या आडव्या चकतीसारखी दिसते, फोडी फोडी वेगळ्या. साचलेलं पाणी त्यात काळ्या डागासारखं उठून दिसतं. अशा वेळी घोडा दाखवल्यावर ४ ते ८ तासांनी दिलेलं १० ते २० युनिट ऑक्सिटोसिन पिशवी आकुंचन करून ते पाणी ढकलतं. काम अर्ध्या-पाऊण तासाचंच. जास्त दिलं तर जास्त फायदा, असं इथे होत नाही. पिशवी आवळून धरते आणि पाणी आतच राहतं.

आणि हेच औषध मोठ्या मात्रेत, बीज सुटल्यानंतर ७ व्या ते १४ व्या दिवसापर्यंत रोज दिलं, तर बऱ्याच घोड्या पुढच्या माजावर येतच नाहीत. शर्यतीच्या घोड्यांचा माज लांबवायला ते असं वापरलं जातं. औषध एकच, पण त्या दिवशी पिशवीवर इस्ट्रोजेनचा (माजातलं हार्मोन) अंमल आहे की प्रोजेस्टेरॉनचा (माजानंतरचं, गर्भ टिकवणारं हार्मोन), यावर ते काय करणार हे ठरतं. म्हणून मला तुमच्या नोंदीत औषधाच्या नावाइतकीच तारीख हवी असते.

आता घामाचं. माजाचं इंजेक्शन म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. बीज सुटल्यावर अंडाशयावर पीतपिंड नावाची, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ तयार होते; हे औषध ती विरघळवतं आणि जनावर पुन्हा माजावर येतं. गाईत पिशवीत तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन शेजारच्या शिरेतून थेट त्याच बाजूच्या अंडाशयावर पोचतं. घोडीत ही जवळची वाट नाही. तिच्यात ते सगळ्या अंगाच्या रक्तातून फिरून अंडाशयावर येतं, आणि म्हणूनच तिचा पीतपिंड थोड्याशा औषधालाही दाद देतो. गाईला क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम लागतं, तिथे घोडीला निम्मं पुरतं. गाईचा पूर्ण डोस गेला की १५-२० मिनिटांत मानेवर, कुशीवर घाम येतो, ती वळून पोटाकडे बघते, पातळ लीद टाकते. तुम्ही पाहिलात तो हा घाम. तो पोटातल्या कळांचा होता. पीतपिंड विरघळला की नाही हे घामावरून मुळीच कळत नाही.

शिवाय विरघळायला आधी पीतपिंड असावा लागतो, तोही किमान ५ दिवसांचा. तुम्ही घोडी घेतली दत्तजयंतीच्या यात्रेत, म्हणजे ऐन थंडीत. घोडी मोठ्या दिवसांत माजावर येणारं जनावर आहे. डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच घोड्यांची अंडाशयं झोपलेली असतात. तेव्हा हे इंजेक्शन दिलं तर घोडीला नुसता त्रास होतो. (घरातल्या गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने या बाटलीला हात लावू नये. औषध कातडीतून अंगात जातं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून इथे सांगतो.)

सगळ्यात वाईट मला त्या गर्भ टिकायच्या इंजेक्शनचं वाटलं. तुम्ही बाटलीचा फोटो टाकलाय, त्यावर हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट लिहिलंय. घोडीच्या पिशवीला ते प्रोजेस्टेरॉन म्हणून ओळखूच येत नाही, त्याने घोडीचा गर्भ टिकत नाही. घोडीसाठी तोंडावाटे द्यायचं अल्ट्रेनोजेस्ट असतं, पण आत संसर्ग असताना तेही घातक. प्रोजेस्टेरॉनच्या अंमलाखाली पिशवीचं तोंड मिटतं, तिची झुंजायची ताकद कमी होते आणि घाण आत कोंडली जाते. पाच वेळा पैसे घालवलेत तुम्ही, आणि आत पाणी आहे का हे एकदाही कोणी पाहिलं नाही.

आयोडीनबद्दल एवढंच, की कडक आयोडीनने घोडीच्या पिशवीचं आतलं अस्तर भाजतं, ते कधी कधी एकमेकांना चिकटतं. पुन्हा धुवायची वेळ आली तर साधं निर्जंतुक सलाईन.

आता पुढचं. तिला दोन महिने काहीच देऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये माजावर आली की पहिल्या दिवसाची तारीख लिहा आणि घोडा दाखवायच्या आधी पिशवीतला स्वॅब (जंतू तपासायला बोळ्यावर घेतलेला नमुना) व पेशींचा नमुना घ्या. सोबत अस्तराचा छोटा तुकडाही तपासायला पाठवा. त्याची प्रत (अस्तराचा दर्जा) पहिली, म्हणजे चांगली, आली तर १०० पैकी ८० हून जास्त घोड्या शिंगरू देतात. तिसरी आली तर १० सुद्धा नाही, आणि मग तिला आणखी टोचत राहणं मला पटणार नाही. रिपोर्ट आला की इथेच, याच प्रतिक्रियेखाली टाका. मी बघतो.